सेवामुक्त जोंगा आणि तिचा नवा धनी

लष्कराने मोडीत काढलेली जोंगा लिलावात मिळविणे एक वेळ सोपे. ती दिल्लीच्या रस्त्यावर कायदेशीरपणे चालविणे मात्र तितके सोपे नाही.

निस्सान कंपनीच्या आराखड्यावरून जबलपूरच्या कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात ही गाडी तयार होत असे. सैन्यात असताना तिची नोंदणी संरक्षण खात्याकडे असते. विक्रीनंतर ती परिवहन कार्यालयात नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी २१ क्रमांकाच्या नमुन्यातील मूळ विक्री-प्रमाणपत्र आवश्यक असते. तिचा तो प्रसिद्ध हिरवा रंगही उतरवावा लागतो. कारण तो रंग नियमाने संरक्षण खात्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

खरी अडचण वयाची आहे. पंधरा वर्षांवरील गाड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दिल्लीत मज्जाव केला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंधनाच्या अंमलात फेरबदल केले. म्हणून ताजा आदेश पाहिल्यावाचून बोली लावू नये. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी देऊ केली. परंतु ती प्रदर्शन, शर्यत-संचलन यांसारख्या कारणांपुरतीच, रोजच्या वापरासाठी नव्हे.

कागदपत्रे जुळली, तरी घाई नको. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेकचे रबरी भाग व टायर कडक होतात. ते आधी बदलावेत. उंच गाडी वेगाने वळविल्यास कलंडू शकते. सैनिकाच्या हाती तिला शिस्त होती. नागरिकाच्या हातीही ती असावी, एवढेच.