ताम्रपट आणि छापील परिपथ

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस गोखिवरे, सातिवली, वालीव या गावांच्या आसपास लहानमोठ्या कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. त्यांतील काही गाळ्यांत विद्युत परिपथ छापले जातात. लग्नपत्रिका छापतात, कापडी पिशवीवर दुकानाचे नाव छापतात, हे तुम्ही जाणता. परंतु जिच्यातून वीज वाहावयाची ती वाट छापावयाची कशी?

निकामी झालेला एखादा रिमोट, त्यातील सेल काढून, वडीलधाऱ्या माणसासमक्ष उघडून पाहा. आत एक पातळ पाटी असते व तिच्यावर तांब्याच्या बारीक, वळणावळणाच्या रेषा असतात. याच त्या विजेच्या वाटा. पूर्वीच्या रेडिओत प्रत्येक जोडणीसाठी निराळी तार हाताने डाखावी लागे. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आइस्लर १९३६ साली इंग्लंडला गेले आणि तारांऐवजी पाटीवर छापलेल्या तांब्याच्या रेषा वापरण्याची युक्ती त्यांनी तेथे रेडिओत उतरविली.

आता गंमत अशी की, कारागीर पाटीवर तांबे छापीतच नाही. पाटीच्या पृष्ठभागावर तांब्याचा पत्रा आधीपासूनच चिकटविलेला असतो. तो पुष्कळदा अवघा ३५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण निम्म्याने जाड असतो. कारागीर छापतो ती शाई, आणि तीही जेथे तांबे राखावयाचे तेवढ्याच जागी.

त्यासाठी चौकटीवर तलम जाळी ताणून बसवितात. ही जाळी पूर्वी रेशमाची असे, आता पॉलिएस्टरची असते. तिच्यावर प्रकाशाने कठीण होणारा लेप देतात. मग परिपथाचे काळ्या रेषांचे चित्र असलेली पारदर्शक फिल्म लेपावर ठेवून प्रखर उजेड पाडतात. उजेड पोहोचतो तेथे लेप घट्ट बसतो; काळ्या रेषांखाली तो मऊच राहतो व पाण्याने धुतला जाऊन जाळीची छिद्रे मोकळी होतात. पुढे जाळी पाटीपासून दोनतीन मिलिमीटर वर धरून तिच्यावर शाई ओततात आणि रबरी पट्टी एका दमात ओढतात. या पट्टीला कारागीर स्क्विजी म्हणतात. पट्टी पुढे सरकली की मागची जाळी आपोआप वर उचलली जाते. ती उचलली नाही तर शाई फासटते आणि शेजारच्या दोन रेषा एक होतात. हात सारखा चालणे हेच या कामातले खरे कसब, आणि ते पुस्तक वाचून येत नाही!

शाई वाळल्यावर पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणात सोडतात. उघडे तांबे त्यात विरघळते, शाईखालचे शाबूत राहते. पाटी लवकर काढली तर रेषांमध्ये तांबे उरून वीज भलत्याच वाटेने जाते; फार वेळ ठेवली तर द्रावण शाईच्या कडेखाली शिरून रेषा पोखरते. अखेर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने शाई काढतात आणि तांब्याच्या लखलखीत वाटा उघड्या पडतात. भिंगातून पाहताना एका रेषेत केसाएवढी जरी फट आढळली, तरी वीज तेथे थबकते.

उत्तर कोकणात शिलाहार राजांचे ताम्रपट सापडले आहेत. त्यांवरची अक्षरे तांब्यात कोरलेली आहेत. आपल्या पाटीवर उलटा प्रकार आहे: भोवतालचे तांबे जाते आणि लेख तेवढा उरतो.

अतिशय सूक्ष्म रेषा या जाळीने नीट उठत नाहीत. मोबाइलच्या पाट्या त्यामुळे प्रकाशाच्या साह्याने निराळ्या रीतीने तयार होतात. पण जाळीची कामे संपलेली नाहीत. सौरविद्युत्‌ घटांवरील चांदीच्या बारीक रेषा बहुधा याच पद्धतीने छापतात. रिमोटच्या बटणांखालचे काळे ठिपकेही पुष्कळदा कार्बनच्या शाईने असेच छापलेले असतात.

पाटीवरून गेलेले तांबे मात्र नाहीसे होत नाही. ते सारे त्या द्रावणात असते. विरघळलेले तांबे माशांना घातक असते, आणि वसईच्या एका अंगास खाडी, तर वाड्यांतून विहिरी! म्हणून वापरलेले द्रावण गटारात सोडावयाचे नसते. त्यातील तांबे आधी काढून घ्यावे लागते. त्याची एक जुनी रीत सोपी आहे. द्रावणात लोखंडाचे तुकडे टाकून ठेवतात. कालांतराने त्यांच्यावर लालसर पूड जमू लागते. तेच ते पाटीवरचे तांबे.