फ्रेडी मर्क्युरीच्या बँडसोबत गायलेला पॉल रॉजर्स मेम्फिसला जाऊन जुनीच गाणी का गायला?

क्वीन बँडचा विषय निघाला की आपल्याकडं पहिलं नाव येतं फ्रेडी मर्क्युरीचं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला हा गायक १९९१ मध्ये गेला. पुढं २००४ मध्ये क्वीनच्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी नव्या गायकाला सोबत घेतलं आणि २००८ पर्यंत त्याच्यासोबत जगभर कार्यक्रम केले. तो गायक म्हणजे पॉल रॉजर्स.

रॉजर्स काही नवखा नव्हता. १९४९ साली इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावात त्याचा जन्म झाला. १९७० मध्ये फ्री या बँडचं ‘ऑल राइट नाऊ’ जगभर गाजलं, ते त्याच्याच आवाजात. त्यानंतर बॅड कंपनी हा बँडही त्यानं गाजवला. थोडक्यात काय, तर रॉकमधला मुरलेला गडी.

अशा गायकानं २०१४ साली ‘द रॉयल सेशन्स’ नावाचा अल्बम काढला. त्यात स्वतःचं नवं काही नव्हतं. ओटिस रेडिंग, अल्बर्ट किंग, सॅम अँड डेव्ह, अ‍ॅन पीबल्स यांनी गाजवलेली साठ-सत्तरच्या दशकातली सोल आणि ब्लूज गाणी त्यानं पुन्हा गायली. आणि ती गायला तो थेट अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात गेला.

आता प्रश्न असा, की वयाच्या चौसष्टीत एका रॉकस्टारला दुसऱ्यांची जुनी गाणी गावीशी का वाटली?

आधी सोल आणि ब्लूज म्हणजे काय ते बघू

ब्लूज जन्माला आलं ते अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण गरिबी आणि अपमान संपला नव्हता. ते सगळं या गाण्यांत उतरलं. पुढं याच परंपरेत चर्चमधलं गॉस्पेल गाणं मिसळलं आणि त्यातून सोल तयार झालं. देवासाठी ज्या आर्ततेनं गायचं, त्याच आर्ततेनं माणसाच्या प्रेमाबद्दल गायचं, असा हा प्रकार.

मिसिसिपी नदीकाठचं मेम्फिस हे या गाण्यांचं मोठं केंद्र. इथंच एका जुन्या सिनेमा थिएटरमध्ये जिम स्टुअर्ट आणि एस्टेल अ‍ॅक्स्टन या भावा-बहिणीनं स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी थाटली. स्टुअर्टमधलं ‘स्ट’ आणि अ‍ॅक्स्टनमधलं ‘अ‍ॅक्स’ जोडून झालं स्टॅक्स. ओटिस रेडिंग इथलाच. १९६७ च्या डिसेंबरमध्ये विमान अपघातात तो गेला, तेव्हा फक्त २६ वर्षांचा होता.

रॉकवाल्यांची जुनी उधारी

साठच्या दशकात इंग्लंडमधली पोरं हीच अमेरिकन गाणी ऐकून गिटार वाजवायला शिकली. रोलिंग स्टोन्स, क्रीम, लेड झेपलिन अशी मोठी नावं या यादीत येतात. रॉजर्सही त्यातलाच. फ्रीचा पहिला अल्बम १९६९ साली आला. त्यातलं ‘द हंटर’ हे गाणं अल्बर्ट किंगनं आधीच गायलेलं होतं.

अडचण एवढीच होती की या पोरांचे बँड मोठमोठी मैदानं भरवू लागले, आणि ज्यांच्याकडून गाणं आलं ती माणसं बऱ्याचदा मागंच राहिली. कधी तर नावही दिलं जायचं नाही. लेड झेपलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’वरून ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा ठोकला. दोन वर्षांनी कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि पुढं गाण्यावर डिक्सन यांचं नाव लागलं.

बरं, रीतसर कव्हर केलं तर पैसे कुणाला मिळतात?

खरी मेख इथंच आहे. अमेरिकेत एखादं गाणं एकदा बाजारात आलं की दुसरा कुणीही ठरलेली रक्कम भरून ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करू शकतो. ही रक्कम जाते गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. ज्यानं ते आधी गाऊन गाजवलं, त्याला यातलं काही मिळत नाही.

याच अल्बममधलं ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ घ्या. १९६७ मध्ये ते गाजवलं अल्बर्ट किंगनं. पण लिहिलं होतं विल्यम बेल आणि बुकर टी. जोन्स यांनी. म्हणजे पुढच्या वर्षी क्रीमनं ते गायलं काय किंवा नंतर रॉजर्सनं गायलं काय, कव्हरच्या रॉयल्टीत किंगचा वाटा शून्य. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ज्यांनी बास, ड्रम वाजवले त्यांनाही शून्य.

स्टॅक्स कंपनीचं तर आणखी वाईट झालं. गाण्यांच्या वितरणासाठी तिनं अटलांटिक या बड्या कंपनीशी करार केला होता. जुन्या रेकॉर्डिंगची मालकी अटलांटिककडं जाते, असं त्यात एक कलम होतं. हे ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. ओटिस रेडिंगची गाणीसुद्धा हातातून गेली. १९७५ मध्ये स्टॅक्सचं दिवाळं निघालं आणि १९८९ मध्ये ती इमारतही पाडली गेली.

मग रॉजर्सनं वेगळं काय केलं?

हीच गाणी लंडनच्या एखाद्या चकाचक स्टुडिओत, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करता आली असती. त्यानं निवडला मेम्फिसचा रॉयल स्टुडिओ. विली मिचेल यांनी अल ग्रीनची गाणी घडवली ती याच जागेत. अ‍ॅन पीबल्सचं ‘आय कान्ट स्टँड द रेन’ही १९७३ साली इथंच रेकॉर्ड झालं. नवीन पिढीला ओळख सांगायची तर ‘अपटाउन फंक’चं काही काम याच स्टुडिओत झालंय.

वाजवायला त्यानं कुणाला घेतलं, ते जास्त महत्त्वाचं. अल ग्रीनच्या गाण्यांवर ज्यांची बोटं फिरली, ते चार्ल्स हॉजेस ऑर्गनवर आणि त्यांचे भाऊ लेरॉय हॉजेस बासवर होते. सगळे एका खोलीत बसले, एकत्र वाजवलं आणि ते जुन्या पद्धतीनं टेपवर उतरवलं. कव्हरच्या रॉयल्टीत वादकाला काही मिळत नाही, पण पुन्हा वाजवायला बोलावलं की त्याच्या हाताला काम मिळतं आणि अल्बमवर नाव लागतं.

दुसरी गोष्ट पैशांची. या अल्बमचं उत्पन्न रॉजर्सनं स्टॅक्स म्युझिक अकॅडमीला द्यायचं ठरवलं. जुनी स्टॅक्स ज्या वस्तीत होती, त्याच वस्तीतल्या मुलामुलींना ही संस्था २००० सालापासून संगीत शिकवते. शेजारीच २००३ मध्ये स्टॅक्सचं म्युझियमही उभं राहिलं.

एका अल्बमनं पन्नास वर्षांचा हिशोब चुकता होत नाही. अल्बर्ट किंग आणि ओटिस रेडिंग यांच्यापर्यंत तर त्यातलं काहीच पोहोचणार नव्हतं. पण ज्या गल्लीतून गाणं आलं, त्या गल्लीतल्या पोरांच्या शिक्षणाला त्याच गाण्याचे पैसे लागले.

ऐकायचं असेल तर ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’पासून सुरुवात करा. आधी ओटिस रेडिंगचं ऐका, मग रॉजर्सचं. रॉक गायकांनी गाण्यातली ही आर्तता कुठून घेतली, ते त्या काही मिनिटांतच कळतं.