डब्याचं गप्प बसणं

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात पावसाळ्याची बेगमी डब्यांत राहते. फणसाचे पापड, आमसुलं, मिरच्या, पुढच्या पेरणीचं बियाणं. एकदा पाऊस लागला की हवा अशी ओली होते की सैल झाकणाच्या डब्यातला पापड आठवड्यात चामड्यासारखा वातड होतो. म्हणून या भागात चांगला डबा कुणी फेकत नाही. बिस्किटांचा, चहाचा, गोव्याहून आलेल्या मिठाईचा डबा रिकामा झाला की धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर चढतो. ‘लागेल कधी तरी.’

तो ‘कधी तरी’ गिटारच्या पेडलच्या रूपाने येईल, असं मात्र कुणाच्या मनात नसतं. घरी पेडल बांधणाऱ्याचं लक्ष आधी माळ्याकडेच जातं. तो डबा खाली काढतो, जमिनीवर पालथा ठेवतो आणि त्यावर पाय देतो. चेपला तर परत माळ्यावर. टिकला तर पुढची बोलणी.

पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधे, जमिनीवर ठेवायची खोकी. गिटारमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत तिच्यातून जातो आणि वेगळा होऊन बाहेर पडतो. कधी खरखरीत, कधी घुमणारा, कधी ‘वाऽह वाऽह’ करणारा. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असतात, म्हणून बटण पायाने दाबायचं. नाट्यसंगीताच्या मैफलीत पायाने भाता मारणारा ऑर्गनवादक आठवला की हे चटकन कळेल.

या खोकीच्या आत फार काही नसतं. १९६६ साली लंडनच्या आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीने काढलेलं ‘फझ फेस’ हे पेडल जिमी हेंड्रिक्समुळे जगभर गेलं. त्याच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब आहेत. एकूण अकरा नग. नॉब सोडले तर बाकीचं काडेपेटीत मावेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, हा माल सुट्ट्या पैशांच्या भावात मिळतो. महाग पडतं ते खोकं. पेडलवाल्यांचं ठरलेलं खोकं ओतीव अॅल्युमिनियमचं, कॅनडाच्या हॅमंड कंपनीच्या ‘१५९० बी’ या मापाचं. सुमारे ११२ मिलिमीटर लांब, ६० रुंद, ३१ उंच. ते मागवायचं, त्याला रंग द्यायचा, भोकं पाडायची. या खर्चात आतली सर्किटं पाच-सहा होतात. तेव्हा माळ्यावरचा डबा काढणं ही हौसेपेक्षा हिशेबाची गोष्ट आहे.

आणि तो हिशेब या विद्येच्या जन्मापासून चालत आला आहे. पेडलचा इतिहास बिघाडातून आणि दुसऱ्याच्या खोक्यातून सुरू होतो. १९५१ साली मेंफिसमध्ये ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गिटारचा अॅम्प्लिफायर प्रवासात आदळून बिघडला होता. स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबून वेळ मारून नेली आणि तो फाटका आवाजच गाण्याची ओळख ठरला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या १९६१ साली आलेल्या गाण्यात ग्रेडी मार्टिनची बेस गिटार अचानक घरघरू लागली. दोष मिक्सरच्या ट्रान्सफॉर्मरचा होता. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तीच घरघर ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवली. १९६२ साली ती ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आली, आणि १९६५ साली कीथ रिचर्ड्सने रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये वाजवल्यावर दुकानांतून संपली.

‘वाह-वाह’ पेडलची कथा तर आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. १९६६ साली कॅलिफोर्नियाच्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या तरुण इंजिनिअरने सर्किट जमवलं, पण नॉब हाताने फिरवत गिटार वाजवणार कशी? कंपनीत व्हॉक्स ऑर्गनचं आवाज कमी-जास्त करायचं पायपेडल पडलेलं होतं. सर्किट त्यात बसवलं. आजही वाह-वाह पेडलचं रूप तेच, ऑर्गनकडून उसनं घेतलेलं. फझ फेसचा गोल आकारही मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचला, असं सांगतात.

ही उसनवारी पेडलपुरतीच नव्हती. फारूख बुल्सारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकत होता. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या ‘क्वीन’ या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांबरोबर १९६३ पासून घरीच गिटार बांधली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, सूर हलवायच्या दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. याच बँडच्या जॉन डीकनला लंडनच्या रस्त्यावर, कचऱ्याच्या पेटीत, एक सर्किट सापडलं. त्याने ते घरगुती स्पीकरच्या लहानशा पेटीत बसवून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. क्वीनच्या रेकॉर्डमध्ये जे अख्ख्या वाद्यवृंदासारखं वाजतं, त्यातलं बरंचसं त्या पेटीतून आलेलं आहे.

आता आपल्या माळ्याकडे. समजा, जोयड्यात बसून पेडल बांधायचं आहे. बाजाराला दांडेली किंवा बेळगाव, नाहीतर अनमोडचा घाट उतरून गोवा. घरात काय आहे?

पहिला मान पत्र्याच्या डब्याचा. पत्रा म्हणजे कथलाचा मुलामा दिलेलं पोलाद, आणि सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. सोयरीक जुळलेलीच, कल्हईवाल्याच्या कथलाची ही चुलत भावंडं. म्हणून पत्र्याला डाग लगेच बसतो आणि जमिनीची, म्हणजे ‘अर्थ’ची, तार थेट डब्याच्या पोटाला जोडता येते. दोष दोन. पत्रा पातळ असतो, तेव्हा पायाच्या बटणाखाली आतून प्लायवूडची फळी द्यावी लागते. दुसरं म्हणजे भोक पाडल्यावर कडेला उघडं लोखंड राहतं आणि इथल्या पावसात ते आठवड्यात तांबरतं. त्या कडेला नेलपॉलिशचा एक हात दिला की भागतं.

स्टीलचा डबा दिसायला देखणा, गंजत नाही, पण भोक पाडताना छळतो. माझा पहिला डबा स्टीलचाच होता. ड्रिल जोरात फिरवलं, स्टील पात्याच्या घासण्याने आणखी कडक झालं, पात्याचं टोक निळं पडलं, डबा गरकन फिरला आणि तर्जनीतून रक्त आलं. आई म्हणाली, ‘डब्याला काही झालं नाही ना?’ स्टीलला सावकाश वेग, तेलाचा थेंब आणि खाली घट्ट आवळलेला लाकडाचा ठोकळा लागतो, हे त्या दिवशी कळलं.

अॅल्युमिनियमचा जुना जेवणाचा डबा मऊ. भोकं लोण्यात पाडल्यासारखी पडतात, पण त्याला डाग बसत नाही. तार नट-बोल्टने आवळावी लागते. बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचं खोकं मजबूत असतं, पण त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा आतला माल काढण्याचं काम जाणत्याकडे द्यावं. विजेच्या दुकानात बोर्डासाठी मिळणारा पत्र्याचा बॉक्सही चालतो. हिंगाची प्लास्टिकची डबी गोड दिसते, पण ती पायाखाली टिकत नाही आणि तिचा आणखी एक मोठा दोष आहे. तो कळायला डबा खरं काय करतो ते बघायला हवं.

गिटारच्या तारांखालच्या पिकअपमधून येणारा संकेत व्होल्टच्या काही दशांशांचा. पेडल त्याला कित्येक पटींनी फुगवतं. त्याच्याबरोबर घरातल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुण, ट्यूबलाइटच्या चोकची किरकिर आणि मोबाइलची टकटकही आत शिरते आणि फुगते. १८३६ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने खोलीएवढं खोकं धातूच्या वर्खाने मढवलं, बाहेरून विजेचे लोळ सोडले आणि आत त्याचा मागमूस नाही हे दाखवलं. पत्र्याचा डबा म्हणजे तशीच लहान खोली. डबा ‘अर्थ’ला जोडला की बाहेरची गुणगुण पत्र्यावरच जिरते. प्लास्टिक आणि लाकूड ती आत सोडतात. हिंगाच्या डबीचाच हट्ट असेल, तर तिला आतून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलने मढवून त्या फॉइललाच अर्थ द्यावी लागते. पातळ पत्रा सगळंच अडवतो असंही नाही. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र त्याला जुमानत नाही. पेडल अडॅप्टरपासून हातभर लांब ठेवणं हाच उपाय.

इथेच या कामाचा आपल्या जुन्या वाद्यांशी असलेला फरक कळतो. साध्या भांड्यातून नाद काढणं आपल्याला नवं नाही. जत्रेत मातीच्या वाटीवर कागद ताणून केलेली चिमुकली सारंगी मिळते. राहुल देव बर्मननी ‘चुरा लिया है’साठी ग्लासावरच्या चमच्याचा आणि ‘मेहबूबा’साठी बाटलीत मारलेल्या फुंकरीचा आवाज वापरला. गोव्यापासून कारवारपर्यंत घुमट वाजतं. ते मडक्याच्या आकाराचं, एका तोंडाला चामडं. पूर्वी ते घोरपडीचं असे, वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं आलं. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. या सगळ्यांत भांडं बोलतं. मडक्याची कूस बदलली की घुमटाचा नाद बदलतो.

पेडलचा डबा मात्र बोलत नाही. तेच सर्किट बिस्किटाच्या डब्यात घाला नाहीतर हॅमंडच्या खोक्यात, बटण दाबल्यावर कानाला फरक कळणार नाही. डबा स्वतः ऐकू आला, गुणगुणला, खडखडला, तर काम बिघडलं समजायचं. त्याचा गुण गप्प बसण्यात आहे. म्हणून डब्याच्या चित्राला भुलून निवड करणारा फसतो, आणि झाकण नीट बसतं का, तळ चेपतो का, डाग धरतो का, हे बघणारा तरतो.

भोकांचा क्रमही ठरलेला असतो. पायाच्या बटणाला १२ मिलिमीटर, केबलच्या जॅकला सुमारे १०, नॉबला ७ किंवा ८. आधी कागदाचा नमुना चिकटवायचा, खिळ्याने खूण ठोकायची, बारीक पात्याने सुरुवात करून चढत जायचं, शेवटी कानशीने कडा घासायची. झाकणाला आतून चिकटपट्टी लावायची, नाहीतर मिटताना पत्रा सर्किटला टेकतो आणि सगळं मुकं होतं. बॅटरीला स्पंजचा तुकडा. गिटारकडून येणारा जॅक तीन टोकांचा घेतला तर केबल काढताच बॅटरी बंद होते; रात्री झोपताना वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

जुना रेडिओ सापडला तर जपून उघडावा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला एसी-१२८ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर एके काळी आपल्याकडच्या रेडिओंत असायचा, आणि फझ फेसच्या पहिल्या काळातल्या पेडलांतही हाच नंबर सापडतो. आजोबांच्या बातम्या आणि फझ फेसची घरघर एकाच जातीच्या दाण्यातून गेली म्हणायची. हा दाणा लहरी आहे, उन्हात तापला की सूर बिघडतो. शिवाय याच्या सर्किटात बहुधा बॅटरीचा धन ध्रुव अर्थला जोडतात, म्हणजे डबा धन होतो. दुसऱ्या पेडलबरोबर एकाच अडॅप्टरवर लावलं की शॉर्ट. त्याला आपली वेगळी बॅटरीच बरी, आणि वादळात लाइट गेली तरी ती चालू राहते.

क्रेग अँडर्टन यांच्या १९७५ सालच्या पुस्तकाने अमेरिकेत घराघरांत ही विद्या पोचवली. तिकडे पुदिन्याच्या गोळ्यांच्या आणि सिगारच्या डब्यांनी ते काम केलं. मुंबईत आज ‘अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन’सारखी कंपनी पेडल बांधून परदेशात पाठवते. त्यांची खोकी अर्थातच विकतची. पण शिकणाऱ्याचा हात आधी माळ्यावरच जातो.

माळ्यावरचा प्रत्येक डबा मात्र भोकं पाडायचा नसतो. डब्याला नवं काम देणं हे त्याचं पुनर्वसनच, पण जोयड्यात पुनर्वसन हा शब्द हलका नाही. काळी नदीवरच्या सुपा धरणात तालुक्याचं जुनं ठाणं, सुपा गाव, बुडालं. कचेऱ्या जोयड्याला आल्या, कित्येक कुटुंबं रामनगरला आली. घर सोडताना भिंती नेता येत नाहीत. माणसं डबे नेतात. त्यांतला एखादा डबा हाती आला तर ड्रिल बाजूला ठेवून आधी घरात विचारावं.

आणि ज्या डब्याला परवानगी मिळाली, त्याचं काम तरी कितीसं बदलतं? इतकी वर्षं तो ओल आणि मुंग्या बाहेर ठेवत होता, आता पन्नास हर्ट्झची गुणगुण बाहेर ठेवतो. माझ्या पत्र्याच्या डब्यात आजही, झाकण उघडलं की, सोल्डरच्या वासाखाली थोडा पापडखाराचा वास येतो.