महासीर सगळे एकच नव्हेत

महाडजवळच्या वाळण कोंडीत कुरमुरे टाकले की काळसर पाठींची झुंबड उडते. हे देवाचे मासे म्हणजे महासीर. म्हैसूरजवळ बेळगोळच्या परिसरात, कृष्णराजसागराखालून वाहणाऱ्या कावेरीतही महासीर आहे. म्हणजे मासा तोच, नदी तेवढी वेगळी, असं बहुतेकांना वाटतं. पण तसं नाही.

आपल्या दख्खनचा महासीर म्हणजे टोर खुद्री. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. याचे पर निळसर राखी. कावेरीचा अस्सल महासीर म्हणजे टोर रेमादेवी. डोक्यामागून थेट चढत जाणारं कुबड, परांवर नारिंगी झाक, आणि जगात घर एकच, कावेरीचं खोरं. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लावलेला महासीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा होता. एवढं नाव असलेल्या या कुबडवाल्या माशाची शास्त्रीय ओळख मात्र 2018 साली पक्की झाली. त्या अभ्यासात पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी हा मासा अतिसंकटग्रस्त ठरला.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे: मासे कमी झाले की बीज आणून सोडावं, नदी भरते. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात खुद्रीचं कृत्रिम प्रजनन साधलं गेलं. ते काम मोठंच, त्याचा अभिमान वाटावा असं. पण तिथली बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, कावेरीतही गेली, महासीर वाचवण्याच्याच हेतूने. गळाने मासा धरून परत सोडणाऱ्या हौशींच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी पाहिल्या की खुद्रीची संख्या चढत गेलेली आणि कुबडवाल्याची घसरत गेलेली दिसते. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी हे घाव होतेच. त्यात हा पाहुणा घरात शिरला.

‘जाती वेगळ्या, मग संकर होणार कसा? आणि झालाच तर संतती वांझच ना?’ हा तिसरा समज खेचरासारख्या प्राण्यांवरून आलेला. माशांत फलन शरीराबाहेर, पाण्यातच होतं. अंडी घालण्याची जागा आणि हंगाम जुळला की जवळच्या जातींची सरमिसळ शक्य असते. हिमालयातला महासीर आणि खुद्री यांचा संकर तर लोणावळ्यातच करून पाहिला गेला. माशांतली अशी संतती कित्येकदा वांझ नसते. ती मूळ जातीशी पुन्हा जुगत राहिली, तर नदीत मासे भरपूर दिसतील, पण शुद्ध कुबडवाला उरणार नाही. जाळ्यात आलेल्या माशाकडे नुसतं पाहून हे ओळखणं कठीण. त्याला जनुकीय तपासणीच लागते.

म्हणून कावेरीत बीज सोडायचंच असेल, तर ते कावेरीच्याच तपासलेल्या नर-मादीपासून तयार केलेलं हवं. लोणावळ्याच्या बोटुकलीची जागा भीमा-कृष्णेच्या पाण्यात.