भिंतीला आलेले पोट

बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सटाणा आरम नदीच्या काठी वसले आहे. या भागातील जुन्या घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील धाबे उन्हाळ्यात गारवा देतात. मात्र अशा भिंतीला पोट आले, म्हणजे ती मध्यभागी फुगली, की पुष्कळदा तीवर गिलावा करून समाधान मानले जाते. गिलाव्याने दोष झाकला जातो. भिंत सावरत नाही.

जाड भिंत एकसंध दिसली, तरी वस्तुतः त्या दोन भिंती असतात. आत व बाहेर दगडांचे दोन थर रचून मधली पोकळी कपच्या आणि मातीने भरलेली असते. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले, तर धाब्यातून झिरपलेले पाणी आतली माती मऊ करते. ती खाली बसते आणि दोन्ही थर बाहेर रेटले जातात. धाब्यावर वेळोवेळी टाकलेल्या मातीचे ओझे त्यात भर घालते.

तळघराच्या किंवा बळदाच्या भिंतीचे दुखणे निराळे असते. तेथे रेटा बाहेरच्या जमिनीचा असतो. काळी माती पाण्याने फुगते व उन्हात आकसून भेगाळते. मोरीचे वा पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत मुरत राहिले, की भिंत आत झुकू लागते.

या दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक जण माळवदाच्या घरांच्या अशाच दगड-मातीच्या भिंतींखाली गाडले गेले.

तपासणी अवघड नाही. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडून फुगवटा मोजावा. तड्यावर सिमेंटचा लहान पट्टा लावून तारीख लिहावी. पट्टा फुटला, तर भिंत अजून हलत आहे असे समजावे. दगड निखळत असतील किंवा दारे एकाएकी अडकू लागली असतील, तर घर तात्काळ रिकामे करून अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम पाणी थांबवावे व धाब्यावरील जादा माती उतरवावी. नंतर तुळयांना टेकू द्यावेत. फुगवटा अल्प व स्थिर असल्यास सुमारे एक-एक मीटर अंतरावर दगड अलगद काढून आरपार छिद्रे करावीत, त्यांत दोन्ही टोकांना आकडे असलेली ८ मिलिमीटर जाडीची सळई ठेवावी व ती काँक्रीटने भरावीत. फुगवटा मोठा असल्यास तेवढा भाग थोडा थोडा उतरवून आरपार दगड घालून पुन्हा बांधावा. तळघराच्या भिंतीसाठी, आतून टेकू दिल्यावरच बाहेरची माती काढावी, त्या जागी खडी भरावी आणि पाण्याला दूर वाट द्यावी. हे काम जाणकार गवंड्याकडून, अभियंत्याच्या देखरेखीखाली व उन्हाळ्यातच करून घ्यावे.

पंचायत सदस्यांनी मृग नक्षत्रापूर्वी गावातील जुन्या भिंतींची पाहणी करावी, तसेच शिक्षकांनी शाळेच्या भिंतींचीही करावी. ओळंब्याची दोरी फार स्वस्त आहे. पावसाळी रात्री कोसळणारी भिंत मात्र तिच्याखाली झोपलेल्या माणसांना सावध होण्यास सवड देत नाही.