आवडता आवाज बदलतो तेव्हा

आज जरा लांबच्या गाण्यांबद्दल बोलू या. गाणी लांबची असली तरी त्यातलं भांडण तुमच्या-आमच्या ओळखीचं आहे.

आमच्या केंद्रावर नेहमी येणाऱ्या एका ताईंचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. मार्च २०२५ मध्ये तो मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर गाण्यांच्या एका मोठ्या कार्यक्रमाला गेला होता. तिथं अमेरिकेतला 'ग्रीन डे' नावाचा बँड गाणार होता. सोबत त्याचे साहेब होते, पन्नाशीला टेकलेले. परतताना गाडीत दोघांची जुंपली. साहेब म्हणाले, "यांची सुरुवातीची गाणी खरी. पुढचा सगळा नुसता झगमगाट." मुलगा म्हणाला, "मला पुढचीच आवडतात. तीच ऐकत मी मोठा झालो." पुणं आलं तरी वाद मिटला नाही.

ताईंनी आम्हाला विचारलं, "आवडलं तर ऐकावं, नाही तर बंद करावं. गाण्यावरून माणसं एवढी कशी चिडतात गं?"

प्रश्न आमच्याही डोक्यात राहिला. म्हणून आम्ही या बँडची गोष्ट शोधून वाचली, गाणी ऐकली. जे समजलं ते सांगतो.

पंक म्हणजे काय?

ग्रीन डे हा पंक बँड आहे. पंक हे संगीत १९७५-७६ च्या सुमाराला न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये जोरात पुढं आलं. त्या वेळची रॉक गाणी लांबलचक आणि अवघड झाली होती. ती वाजवायला वर्षानुवर्षांची तालीम लागायची, महागडी वाद्यं लागायची. पंकवाल्या पोरांनी ठरवलं, आपल्याला येतं तेवढ्यातच वाजवायचं. एक गिटार, एक जाड सुराची बेस गिटार, एक ड्रमचा संच. तीन-चार सोपे सूरमेळ, जलद लय आणि दोन-अडीच मिनिटांत गाणं खलास. न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. मुलीही मागं राहिल्या नाहीत. लंडनमध्ये त्याच वर्षी मुलींनी स्वतःचा बँड काढला.

पण पंक म्हणजे नुसता वेग नव्हे. तिकीट स्वस्त ठेवायचं, जाहिरातीची पत्रकं हातानं करायची, रेकॉर्ड स्वतः किंवा छोट्या कंपनीकडून काढायची. कुणा मोठ्याची वाट बघत बसायचं नाही, आपलं आपण करायचं. हा पंकचा अलिखित नियम. पुढची सगळी भांडणं या नियमाभोवती झाली.

तीन पोरं आणि एक गोदाम

ग्रीन डे हा कॅलिफोर्नियातला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेकडचा बँड. बिली जो आर्मस्ट्राँग गातो आणि गिटार वाजवतो. माइक डर्न्ट बेस वाजवतो. हे दोघे शाळेतले मित्र. १९८७ च्या सुमाराला त्यांनी बँड काढला. १९९० मध्ये ट्रे कूल ड्रम वाजवायला आला. तिघंही १९७२ सालचे. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ होता, त्या सालचे.

बिली जोची आई हॉटेलात वाढायचं काम करायची. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. १९८२ च्या सप्टेंबरात ते कर्करोगानं गेले, तेव्हा बिली जो दहा वर्षांचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिथल्या बर्कली शहरात गिलमन स्ट्रीटवर, ९२४ नंबरला, एक जुनं गोदाम आहे. १९८६ च्या शेवटच्या रात्री तिथं गाण्याची जागा सुरू झाली. तिकीट फाडणं, झाडणं, ध्वनियंत्रणा सांभाळणं, सगळी कामं स्वयंसेवक करायचे. निर्णय बैठकीत व्हायचे. आत दारू नाही, मारामारी नाही. कुणाच्या रंगावरून किंवा बाईमाणूस म्हणून कुणाला हिणवायचं नाही. शाळकरी मुलांनाही प्रवेश. हे वाचताना आम्हाला बचत गटाची बैठकच डोळ्यांपुढं आली.

गिलमनचा आणखी एक नियम होता. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडनं तिथं गायचं नाही. ग्रीन डे याच गोदामात वाढला. आणि १९९३ मध्ये या तिघांनी एका मोठ्या कंपनीशी करार केला. फेब्रुवारी १९९४ मध्ये 'डूकी' हा अल्बम आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. गिलमनचं दार मात्र बंद झालं. गायकाच्या मरणाची इच्छा करणारी ओळ कुणीतरी तिथल्या भिंतीवर लिहून ठेवली.

पहिली तक्रार: नियम मोडला

इथं एक गंमत बघा. 'डूकी'ची गाणी आधीच्या गाण्यांहून फार वेगळी नव्हती. ध्वनिमुद्रण स्वच्छ झालं होतं, एवढंच. वेग तोच, तीच तीन माणसं, तीच छोटी गाणी. तरी जुने श्रोते म्हणत होते, 'आता तो आवाज राहिला नाही.' त्यांना टोचत होतं ते वेगळंच. त्यांनी झाडलेल्या गोदामातून, त्यांच्या दोन-दोन डॉलरमधून ही पोरं मोठी झाली आणि मोठी झाल्यावर बाहेर पडली.

समजा, एखाद्या गटानं पाच वर्षं राबून आपल्या पापडाचं नाव केलं. मग त्यातल्या तिघी एका मोठ्या कंपनीच्या कंत्राटावर गेल्या. पापड तसाच लागेल. पण मागं राहिलेल्या बायकांच्या तोंडी तो कडूच लागणार. त्यांचा राग खोटा नाही. आणि त्या तिघींनाही घर चालवायचंच असतं, हेही खोटं नाही. बिली जो अठरा वर्षांचा व्हायच्या आतच शाळा सोडून वाजवायला लागला होता. दुसरं कुठलं काम त्याच्या हातात नव्हतं.

बँडलाही हे लागलं. १९९५ च्या पुढच्या अल्बममधली गाणी जास्त कडक आणि काळोखी होती. गिलमनच्या दारातून परत पाठवण्यावर त्यात एक गाणंच आहे. पुढं मे २०१५ मध्ये ग्रीन डेनं त्याच गोदामात पुन्हा पूर्ण कार्यक्रम केला. आगीत नुकसान झालेल्या एका पुस्तक प्रकाशन संस्थेला आणि छापखान्याला मदत म्हणून तो होता. मधे वीसहून जास्त वर्षं गेली होती.

दुसरी तक्रार: चाल बदलली

गाणं खरोखर बदललं ते १९९७ पासून. त्या वर्षीच्या 'निमरॉड' अल्बममध्ये एक गाणं निव्वळ साध्या गिटारवर आणि व्हायोलिनच्या साथीनं आलं. ड्रमचा ठोका नाही, आरडाओरडा नाही. बिली जोनं ते मैत्रीण दूर गेल्यावर, काही वर्षं आधीच रचलं होतं. पण बँडच्या इतर गाण्यांत ते बसेना, म्हणून बाजूला पडलं होतं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'बरं झालं, पीडा गेली' असा. पण अमेरिकेतल्या शाळांत ते निरोप समारंभाला वाजू लागलं! जुन्या श्रोत्यांनी कपाळाला हात लावला. २००० च्या 'वॉर्निंग' अल्बममध्ये साधी गिटार आणखी वाढली आणि खप उतरला.

त्यानंतर बँडनं एका नव्या अल्बमचं काम बरंच पुढं नेलं होतं, तर त्याची मूळ ध्वनिमुद्रणंच चोरीला गेली. तीच गाणी पुन्हा मुद्रित करायच्या ऐवजी त्यांनी सगळं नव्यानं सुरू केलं. त्यातून सप्टेंबर २००४ मध्ये 'अमेरिकन इडियट' आला. त्या वेळी इराकचं युद्ध चालू होतं. सरकारबद्दलचा आणि दूरचित्रवाणीच्या भडिमाराबद्दलचा राग या अल्बममध्ये होता. सगळी गाणी मिळून एक कथा होती, नाटकासारखी. त्यात पाच भागांचं एक गाणं नऊ मिनिटांहून जास्त चालतं. दोन मिनिटांत संपणाऱ्या पंकच्या घरात नऊ मिनिटांचं गाणं! अल्बमला मानाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचं संगीत नाटकही झालं. नवे, कोवळ्या वयाचे श्रोते लाटेसारखे आले. जुने म्हणाले, 'आता हे आमचे नाहीत.'

आता मघाची गोष्ट आठवा. याच अल्बममध्ये बिली जोचं वडिलांवरचं गाणं आहे. ते हळू सुरू होतं, एकट्या गिटारवर, आणि सावकाश चढत जातं. वडील गेले १९८२ मध्ये. गाणं आलं २००४ मध्ये. मधे बावीस वर्षं आहेत.

आम्हाला वाटतं, या प्रश्नाचं मोठं उत्तर इथं आहे. विशीतला राग दोन मिनिटांत सांगून होतो. दहा वर्षांच्या पोराचं दुःख तसं सांगून होत नाही. त्याला धीमी लय लागते, थांबायला जागा लागते. बँडनं चाल बदलली नसती, तर हे गाणं आलंच नसतं. जात्यावर बसलेल्या बाईलाही माहेरची ओवी आणि चेष्टेची ओवी एका आवाजात म्हणता येत नाही. चाल बदलली की दर वेळी कुणी विकलं गेलं असं होत नाही. कधी कधी सांगायचंच वेगळं असतं.

म्हणून दर बदल चांगलाच, असंही आम्ही म्हणणार नाही. २०१२ मध्ये या बँडनं काही महिन्यांत लागोपाठ तीन अल्बम काढले. त्याच वेळी बिली जो व्यसनातून बाहेर पडायला उपचार घेत होता. २०२० चा अल्बम जेमतेम २६ मिनिटांचा होता. म्हणजे लांबी जुन्या पंकची, पण टाळ्यांचा ठेका आणि आवाज वेगळाच. अनेक जुन्या चाहत्यांना तो रुचला नाही. न आवडणं हा श्रोत्याचा हक्कच आहे.

तिसरी तक्रार: ती आपलीच असते

मग आम्ही ताईंना म्हटलं, "मुलाला फोन करा. म्हणावं, साहेबांना विचार, १९९४ मध्ये ते कुठं होते?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. साहेब तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होते. पहिल्यांदाच घर सोडलेलं, इंग्रजी नीट येत नव्हतं, कुणी बोलायचं नाही. शेजारच्या खोलीतल्या पोरानं एक कॅसेट दिली. ती रात्री ऐकत त्यांनी ते वर्ष काढलं.

आणि ताईंचा मुलगा? २००४ मध्ये तो दहा वर्षांचा होता. त्याच्या कानावर पहिल्यांदा पडला तो पुढचाच ग्रीन डे.

एखाद्या वयात ऐकलेलं गाणं त्या वयासकट मनात राहतं. साहेब नवं गाणं ऐकतात तेव्हा त्यात ती खोली शोधतात. ती खोली कुठल्याच नव्या गाण्यात नसणार. यात बँडचा दोष नाही आणि साहेबांचाही नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'सेव्हिअर्स' हा अल्बम आला, तेव्हा 'डूकी' करणारे निर्माते रॉब कॅव्हॅलो परत सोबत होते. त्या वर्षीच्या दौऱ्यात बँडनं 'डूकी' आणि 'अमेरिकन इडियट' हे दोन्ही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवले. एकाच मैदानात बाप एकासाठी आणि लेक दुसऱ्यासाठी.

आपल्या बैठकीत

तर ताईंच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. माणसं गाण्यावरून चिडतात, कारण गाण्यामागं तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि तिन्हींना आपण एकच नाव देतो: 'आवाज बदलला'. कधी खरंच चाल बदललेली असते. कधी एकत्र ठरवलेला नियम मोडलेला असतो. आणि कधी आपलंच वय पुढं गेलेलं असतं.

हे गाण्यापुरतं नाही, मैत्रिणींनो. गटातली एखादी सरपंच होते, एखादी शिकायला जाते, एखादी भजन सोडून पोवाडा म्हणायला लागते. आपण चटकन म्हणतो, 'ती आता पहिल्यासारखी राहिली नाही.' पुढच्या बैठकीत असं कुणाबद्दल निघालं, तर जरा थांबून तीन प्रश्न विचारा. तिनं मिळून ठरवलेलं काही मोडलं का? मोडलं असेल तर तिच्या तोंडावर, बैठकीत बोला. भिंतीवर लिहू नका. की तिला सांगायचंच आता वेगळं आहे? मग पूर्ण ऐकून घ्या, नऊ मिनिटं लागली तरी. की आपल्यालाच आपले जुने दिवस आठवतायत? मग ते तिला सांगा. तिलाही आठवत असतील.

ताईंचा मुलगा आणि साहेब अजून भांडतात. पण आता साहेबांनी त्याला ती जुनी कॅसेट आणून दाखवली आहे. ती वाजवायला दोघं टेपरेकॉर्डर शोधतायत. कुणाच्या माळ्यावर चालू असलेला पडून असेल, तर केंद्रावर निरोप द्या.