शिकविणारें रुग्णालय

आपल्यापैकीं अनेकांच्या मनांत एक भीति असते. घरांतील कोणास मोठ्या सरकारी किंवा महानगरपालिकेच्या रुग्णालयांत न्यावयाचें ठरलें, कीं कोणी तरी म्हणतेंच, "तेथें कशाला? तेथें विद्यार्थी रोग्यांवर हात बसवून घेतात." ही भीति अगदींच निराधार आहे असें नाहीं, परंतु ती अर्धवट माहितीवर उभी आहे. ज्या रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलें असतें, तेथें प्रत्यक्षांत काय चालतें, हें आपण थोडक्यांत पाहूं.

अशा ठिकाणच्या प्राध्यापकाला तीन कामें एकाच वेळीं करावीं लागतात. रोग्यावर उपचार करणें हें पहिलें, विद्यार्थ्यांना शिकविणें हें दुसरें आणि नवें ज्ञान शोधणें हें तिसरें. हीं तीन कामें तीन निरनिराळ्या माणसांकडे सोंपवितां येणार नाहींत काय? येतील; पण मग तिन्हीं दुबळीं होतील. रोग्याजवळ उभा असलेला विद्यार्थी "असें कां?" म्हणून विचारतो, तेव्हां गुरूला आपला निर्णय पुन्हा तपासून पाहावा लागतो. त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याच ग्रंथांत सांपडत नाहीं, तेव्हां संशोधनाला आरंभ होतो. आणि संशोधनाचें फळ अखेर रोग्याच्या खाटेपाशींच परत येतें.

विद्यार्थ्याचें शिक्षणही पायरीपायरीनें होतें. प्रथम शवविच्छेदन करून तो शरीराची रचना शिकतो, मग शरीराचे व्यापार, रोगांचीं कारणें आणि औषधांचे गुणधर्म. पुढें रुग्णकक्षांत तो रोग्याची हकीकत विचारतो, नाडी व छाती तपासतो आणि आपलें निदान गुरुजनांपुढें मांडतो. चुकला तर तेथेंच त्याची चूक दाखविली जाते. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्ष वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं काम केल्याशिवाय त्याला स्वतंत्र व्यवसायाचा परवाना मिळत नाहीं. उपचाराची जबाबदारी त्याची नसते. ती त्याच्या गुरुजनांची असते.

ह्या व्यवस्थेचें फळ पाहावयाचें तर मुंबईचींच उदाहरणें घेऊं. भायखळ्याचें ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 सालीं सुरू झालें, डॉ. भाऊ दाजी लाड हे तेथील पहिल्या पदवीधरांपैकीं एक. शरीररचनेवरील ग्रे यांच्या विख्यात ग्रंथांतील चित्रें काढणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे 1858 सालीं मुंबईस आले व ह्या महाविद्यालयांत शिकवूं लागले. पाय सुजवून कुरूप करणारा एक विकार बुरशीमुळें होतो, हें त्यांनीं रुग्णांचा अभ्यास करून मांडलें. 1877 च्या सुमारास शहरांत उलटून येणाऱ्या तापाची सांथ पसरली, तेव्हां रोग्यांच्या रक्तांत सूक्ष्मदर्शकाखालीं त्या तापाचे नागमोडी जंतु त्यांनीं पाहिले. पुढें 1896 सालीं प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनीं ह्याच महाविद्यालयाच्या इमारतींत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली.

दुसरें उदाहरण परळचें. तेथें 1926 सालीं शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम्. रुग्णालय हीं उघडलीं. अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. ह्या महाविद्यालयांतील डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांना असे तीन लोक आढळले, कीं ज्यांचें रक्त नेहमींच्या कसोटीला 'ओ' गटाचें वाटे, पण 'ओ' गटाचें रक्तही त्यांना जुळेना. 'ए' व 'बी' हीं द्रव्यें 'एच्' नांवाच्या ज्या मूळ द्रव्यापासून बनतात, तें 'ओ' रक्तांतही असतें. ह्या तिघांच्या रक्तांत तें मुळींच नव्हतें. उलट त्याला विरोध करणारें प्रतिद्रव्य होतें. लंडनच्या संशोधकांच्या सहकार्यानें हा शोध 1952 सालीं प्रसिद्ध झाला आणि ह्या गटाला मुंबईचें नांव मिळालें. अशा माणसाला 'ओ' रक्त दिलें तर त्याच्या जिवावर बेतूं शकतें. नुसता नेहमींचा उपचार करणारा मनुष्य "जुळत नाहीं" म्हणून दुसरी बाटली मागवून थांबला असता, "कां जुळत नाहीं?" असें विचारण्याची संवय तेथें होती, म्हणून हें रहस्य उलगडलें.

अर्थात् ही व्यवस्था आपोआप नीट चालत नाहीं. विद्यार्थ्यानें तपासण्यापूर्वीं रोग्याची संमति घेतली पाहिजे, त्याची लाज राखली पाहिजे, आणि त्यानें नकार दिला तरी उपचारांत उणें पडतां कामा नये. तसेंच, गर्दीनें गांजलेल्या अध्यापकाला शिकविण्यास व विचार करण्यास वेळच उरला नाहीं, तर महाविद्यालयाचें नांव राहील, पण काम उरणार नाहीं. मनुष्यबळ पुरविणें हें शासनाचें काम. तें मागणें हें नागरिकांचें.

आपल्या घरीं विश्वासानें बोलाविलेला डॉक्टर कोणाच्या तरी खाटेपाशीं उभा राहूनच शिकलेला असतो. तो कोणी बहुधा गरीब असतो, आणि त्याचें नांव आपल्याला कधींच कळत नाहीं. त्या रुग्णालयाविषयीं बोलतांना त्याचें हें ऋण आपण ध्यानांत ठेवावें.